दप्तर बाहेर जाताना

एखाद्या सभासदाने पतसंस्थेच्या कार्यालयात जाऊन मागच्या वर्षीच्या ताळेबंदाची प्रत मागून पाहावी. अर्ज द्या, साहेब आल्यावर बघू, ते गोपनीय आहे, अशी उत्तरे ठरलेली असतात. त्याच आठवड्यात त्याच कार्यालयात ऑडिटरकडच्या आर्टिकलचा, म्हणजे उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा, फोन येतो. मग सगळ्या कर्जदारांची नावे, पत्ते, आधार क्रमांक, तारण आणि थकबाकी यांसकट वर्षभराचा डेटा दहा मिनिटांत त्या मुलाच्या खासगी व्हॉट्सअॅपवर जाऊन पडतो. जे छापून सभासदांना वाटायचे ते कपाटात, आणि जे कपाटात असायला हवे ते कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या फोनमध्ये, त्याच्या लोणावळ्याच्या फोटोंशेजारी.

हे पुस्तक दप्तराच्या या प्रवासाविषयी आहे. कंपनी असो, पतसंस्था असो, ट्रस्ट असो की गृहनिर्माण संस्था, वर्षातून एकदा दप्तर बाहेरच्या माणसापुढे उघडावेच लागते. तो माणूस संस्थेचा नोकर नसतो, आणि नसतो म्हणूनच त्याला नेमलेले असते. त्याला काय द्यायचे, कशातून द्यायचे, दिल्याची नोंद कुठे ठेवायची, काम संपल्यावर त्या कागदांचे काय करायचे, हे सगळे आपल्याकडे अकाउंटंटच्या सवयीवर सोडून दिलेले असते. संगणक-सुरक्षेची पुस्तके या विषयात शिरतात ती सॉफ्टवेअरच्या नावांनी, आणि ऑडिटची पुस्तके कागद ऑडिटरच्या टेबलावर आपोआप येऊन पडले असे धरून चालतात. मधला रस्ता कुणीच नीट पाहत नाही. त्या रस्त्यावर दोन धोके आहेत. कागद वाटेत नको त्याने पाहण्याचा एक, आणि कागद वाटेत बदलला जाण्याचा दुसरा. पहिल्याची चर्चा हल्ली भरपूर होते. देशातले काही मोठे घोटाळे मात्र दुसऱ्याच्या आडोशाने वाढले, आणि माझे म्हणणे असे की दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा करायला गेलात तर एकही धड होत नाही.

त्याआधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ऑडिटरपुढे ‘हे गोपनीय आहे’ ही सबब चालत नाही. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १४३ ऑडिटरला हिशेबाच्या वह्या आणि व्हाउचर केव्हाही पाहण्याचा हक्क देते, मग त्या वह्या नोंदणीकृत कार्यालयात असोत किंवा आणखी कुठे. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खाली होते, आणि तिथेही लेखापरीक्षकाला दप्तर पाहण्यापासून अडवता येत नाही. याच्या बदल्यात कायद्याने त्याच्या तोंडाला कुलूपही घातले आहे. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक गैरवर्तनाची यादी आहे, आणि तिच्या आरंभीच्याच कलमात अशिलाच्या संमतीशिवाय त्याची माहिती तिसऱ्याला सांगणे येते. या कुलपाला एक किल्ली आहे, ती म्हणजे कायद्याने भाग पाडले तर. कंपनीच्या ऑडिटरला एक कोटी किंवा त्याहून मोठ्या रकमेची अफरातफर झाल्याचे सकारण वाटले तर ती केंद्र सरकारला कळवावी लागते. ‘आपलाच सीए आहे, गोष्ट बाहेर जाणार नाही’ अशी ज्या संचालकांची समजूत असते, त्यांनी कलम १४३ चे बारावे उपकलम एकदा सावकाश वाचावे.

म्हणजे ऑडिटरपासून दडवायचे नाही, आणि ऑडिटर सोडून बाकी कुणाला दिसू द्यायचे नाही. बोलायला सोपे आहे.

आधी दुसरा धोका, म्हणजे वाटेत बदलणारा कागद. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. वह्यांमध्ये दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. एवढी रक्कम नाही हे ऑडिटरला कळले कसे नाही, हा प्रश्न तेव्हा नाक्यानाक्यावर विचारला गेला. त्याचे उत्तर अगदी साधे, कारकुनी पातळीचे आहे. बँकेत शिल्लक किती हे ऑडिटरने बँकेला थेट विचारायचे असते आणि बँकेने उत्तर थेट ऑडिटरला पाठवायचे असते. अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०११ साली सत्यमच्या ऑडिटरांवर जी कारवाई केली तिच्यात बोट ठेवले होते ते याच जागी. शिल्लक-खातरजमेची पत्रे पाठवणे आणि त्यांची उत्तरे घेणे, हे दोन्ही ऑडिटरांनी कंपनीच्या व्यवस्थापनाच्या हाती सोडले होते. ज्याच्या पैशाची चौकशी करायची, तोच पोस्टमन. मग टपाल काय येणार?

भांडुपच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची गोष्ट आपल्याला अधिक जवळची, कारण तिच्या शाखांबाहेर सप्टेंबर २०१९ मध्ये ज्या रांगा लागल्या त्यांत अनेकांचे नातेवाईक उभे होते. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येणार होते. पोलिसांकडे गेलेल्या तक्रारीप्रमाणे, एका बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखात्यांची यादी तयार करून ती तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेपुढे ठेवली गेली. ही खोटी खाती बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नव्हतीच, ती फक्त पाठवलेल्या यादीत होती. इथे तपासणारी रिझर्व्ह बँक होती, बाहेरचा ऑडिटर नव्हे, पण गोम एकच. मूळ प्रणालीतून निघालेला डेटा आणि तपासणाऱ्याच्या हाती पडलेली फाइल यांच्यामध्ये एक माणूस, एक एक्सेल आणि एक संध्याकाळ असते. त्या संध्याकाळी काय घडले हे सांगणारी नोंद कुठेच राहत नाही.

म्हणून या पुस्तकात ‘सुरक्षित’ हा शब्द चोरापुरता मर्यादित ठेवलेला नाही. बँकेचे स्टेटमेंट पीडीएफमध्ये येते आणि पीडीएफमधला आकडा बदलायला आज शाळकरी मुलालाही अर्धा तास पुरतो. अकाउंटंटने ते पासवर्ड घालून, कुलूपबंद करून, नामांकित क्लाउडवरून पाठवले तरी बदललेला आकडा बदललेलाच राहतो, फक्त तो कडेकोट बंदोबस्तात पोहोचतो. तिसऱ्याकडून यायचा कागद तिसऱ्याकडूनच आला पाहिजे. बँकेची शिल्लक बँकेकडून, देणेकऱ्याचा उतारा देणेकऱ्याकडून, खटल्याची स्थिती वकिलाकडून. ऑडिटरने असा आग्रह धरला की चिडणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे ते विचारतात. विश्वास असता तर ऑडिटर नेमायचे कारणच उरले नसते.

आता पहिल्या धोक्याकडे, म्हणजे डोळ्यांकडे येऊ. इथे मजकूर फार आहे आणि बराचसा हास्यास्पद आहे.

पासवर्डपासून सुरू करू. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्ड पॅन आणि जन्मतारीख जोडून होतो. कंपनी असेल तर जन्मतारखेऐवजी स्थापनेची तारीख. खात्याने सोयीसाठी ठरवलेली ही रीत गावोगावच्या ऑफिसांनी पुढे सगळ्याच फायलींना लावली. पगारपत्रक, कर्जाचा करार, संचालकांचे इतिवृत्त, सगळ्यांचा पासवर्ड कंपनीचा पॅन. आता गंमत पाहा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची दहा अक्षरे म्हणजे पॅन. हा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असतो, इतकेच नव्हे तर नियमाप्रमाणे तो दुकानाच्या दर्शनी पाटीवरही लावावा लागतो. कंपनीच्या स्थापनेची तारीख कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसते. तिजोरीची किल्ली तुम्ही पाटीवर रंगवून दाराबाहेर टांगली आहे, आणि वर आत्मविश्वासाने ईमेलमध्ये लिहिता की फाइल पासवर्ड-संरक्षित आहे.

त्याहून जुनी खोड म्हणजे फाइल ज्या मेलने जाते त्याच मेलच्या शेवटच्या ओळीत पासवर्ड लिहिणे. ज्याच्या हाती मेल पडेल त्याच्या हाती दोन्ही पडतात. फाइल मेलने, पासवर्ड फोनवर तोंडी, एवढी साधी विभागणी केली तरी निम्मे काम होते. पासवर्ड लांब असावा, त्या कामापुरता नवा असावा, आणि फाइल बंद करण्याची पद्धत आजची असावी. जुन्या झिप फायलींचे कुलूप काही मिनिटांत उघडणारी साधने फुकट मिळतात. सेव्हन-झिपसारख्या फुकटच्याच सॉफ्टवेअरमध्ये एईएस-२५६ निवडले तर लांब पासवर्डापुढे ती साधने हात टेकतात. दोन्ही फुकट, फरक फक्त एका पर्यायावर टिचकी मारण्याचा. एक्सेलमधले ‘शीट प्रोटेक्ट’ मात्र कुलूप समजू नये. ते चुकून बोट लागू नये म्हणून असते. लपवलेले कॉलम एका क्लिकवर उघडतात, आणि पिव्होट टेबलच्या पोटात बहुतेक वेळा मूळचा सगळा डेटा बसलेला असतो. ऑडिटरला विभागवार पगाराची बेरीज पाठवली अशा समजुतीत असलेल्या मनुष्यबळ विभागाने प्रत्येकाचा पगार पाठवलेला असतो.

व्हॉट्सअॅपचे समर्थक म्हणतात की त्यावरचा संदेश मधल्या कुणाला वाचता येत नाही. ते खरे आहे. पण मधला रस्ता कितीही बंदिस्त असला तरी कागद शेवटी दोन्ही टोकांना उतरतोच, आणि टोकाला एक खासगी फोन असतो. फोटो गॅलरीत जातो, गॅलरी आपोआप त्या माणसाच्या खासगी क्लाउडवर चढते, फोन विकला जातो, ग्रुपमध्ये चुकीच्या नावावर बोट पडते. आर्टिकलशिपचा काळ २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. म्हणजे दर दोन वर्षांनी तुमच्या लेजरचे फोटो घेऊन एक मुलगा किंवा मुलगी ऑडिटरचे ऑफिस सोडते. त्यांचा हेतू वाईट असतो असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकांना ते फोटो आपल्याकडे आहेत हेही आठवत नसते. संस्थेलाही आठवत नाही, कारण ते ‘पाठवले’ अशी नोंद कुठल्याही वहीत झालेली नसते.

बँक-शाखांचे ऑडिट हा या गोंधळाचा वार्षिक उत्सव. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबई-पुण्याचे सीए नेमणूक-पत्र घेऊन गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या शाखांत उतरतात. हाती दिवस थोडे, आणि लाँग फॉर्म अहवालाचे प्रश्न ढीगभर. बँकेने संगणकांचे यूएसबी बंद केलेले असतात, बाहेर मेल जात नाही, सुरक्षा कागदावर चोख. मग शाखाधिकारी काय करतो? आपल्या स्वतःच्या नावाने लॉगिन करतो आणि खुर्ची आर्टिकलला देतो. आर्टिकल पडद्याचे फोटो फोनवर काढतो. यूएसबी बंद करणाऱ्याला वाटते डेटा बाहेर गेला नाही, आणि प्रणालीच्या नोंदीत दिसते की शाखाधिकाऱ्याने दुपारभर नव्वद खाती उघडून पाहिली. सोपा रस्ता बंद केला आणि योग्य रस्ता उघडून दिला नाही की माणसे कुंपण ओलांडतात. ऑडिटरच्या नावाचे, फक्त पाहता येईल असे, ठरलेल्या तारखेला आपोआप बंद होणारे लॉगिन देणे प्रणालीत शक्य असते. ते वेळेत मागितले जात नाही, इतकेच. बँकांच्या बाबतीत मला सर्वांत मोठा दोष हाच वाटतो, आणि तो तंत्रज्ञानाचा नसून मार्च महिन्याचा आहे.

कंपन्यांतही हाच उपाय अनेकदा फाइल पाठवण्यापेक्षा बरा. पूर्ण टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर देण्याऐवजी आपल्याच ऑफिसात बसवून किंवा दूरवरून, पण फक्त वाचण्याच्या अधिकाराने, ऑडिटरला वह्या दाखवता येतात. त्यात दुसराही फायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाचा माग राहणे आणि तो बंद करता न येणे सक्तीचे झाले आहे. ऑडिटरने मूळ वहीत पाहिले तर त्याला आकडा आणि आकड्याचा इतिहास दोन्ही दिसतात. एक्सेलमध्ये उतरवून दिलेल्या लेजरला इतिहास नसतो.

मोठ्या आवारांतली उदाहरणेही डोळ्यांपुढे ठेवावीत, म्हणजे हे फक्त गावाकडच्या अकाउंटंटचे दुखणे आहे असा समज होणार नाही. २०१७ मध्ये डेलॉइटच्या ईमेल यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे उघड झाले. तेव्हाच्या बातम्यांनुसार ज्या प्रशासक खात्यातून शिरकाव झाला त्याला फक्त एक पासवर्ड होता, ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती. जगभरच्या कंपन्यांना सायबर सुरक्षेचा सल्ला देणारी ही संस्था. मे २०२३ च्या शेवटी तर गंमत पुढच्या पायरीला गेली. मूव्हइट हे फायली सुरक्षितपणे पाठवण्यासाठीच विकले जाणारे सॉफ्टवेअर. त्यातली एक फट क्लॉप नावाच्या टोळीने शोधली आणि शेकडो संस्थांचा डेटा उचलला. बाधितांच्या यादीत पीडब्ल्यूसी आणि ईवायसारख्या मोठ्या ऑडिट संस्थाही होत्या. फट सॉफ्टवेअरवाल्यांची होती, ती ग्राहकांना दिसण्यासारखी नव्हती. पण उचलला गेला तो तिथे पडून राहिलेला डेटा. पाठवण्याच्या जागेचा ज्यांनी गोदामासारखा वापर केला त्यांचे नुकसान जास्त झाले. ऑडिटरने फाइल उतरवून घेतली की त्या जागेवरून ती पुसणे, एवढ्या एका शिस्तीने टोळीच्या हाती काहीच लागले नसते असे नाही, पण खूपच कमी लागले असते. गूगल ड्राइव्हवरच्या ‘लिंक असलेल्या कुणालाही’ या पर्यायाबद्दल वेगळे काय लिहू? तो पर्याय निवडून पाठवलेल्या लिंका वर्षानुवर्षे उघड्या असतात. ऑडिटर बदलतो, कायद्यानेच काही कंपन्यांना व्यक्तीच्या बाबतीत पाच आणि फर्मच्या बाबतीत दहा वर्षांनी बदलावा लागतो, आणि जुन्या फर्मच्या पाच जणांना नव्या वर्षाचे आकडे फोल्डरमध्ये टाकताक्षणी दिसत राहतात.

आपल्या जुन्या ऑफिसांत एक वही असायची. अजूनही ग्रामपंचायतीत आणि शाळेत दिसते. आवक-जावक. कागद आला तर क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय. गेला तर तसेच, आणि घेणाऱ्याची सही. संगणक आला आणि सगळ्यांत आधी ही वही गेली, कारण ‘मेल तर सेंटमध्ये असतोच’. पण मेल एकाच्या सेंटमध्ये, व्हॉट्सअॅप दुसऱ्याच्या फोनमध्ये, पेन ड्राइव्ह तिसऱ्याच्या खिशात असते तेव्हा बाहेर काय गेले हे संस्थेतला एकही माणूस सांगू शकत नाही. या पुस्तकाचा जवळजवळ निम्मा भाग ही वही नव्याने उघडण्याविषयी आहे, आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

वही कागदी असो की एक्सेलची, तिची सुरुवात ऑडिटरच्या मागणी-यादीपासून होते. मागणी लेखी हवी, क्रमांक घातलेली हवी, आणि संस्थेच्या बाजूने ती स्वीकारणारा एकच माणूस हवा. आर्टिकलने स्टोअरकीपरला परस्पर फोन करून काही मागायचे नाही. प्रत्येक मागणीपुढे काय दिले, कधी दिले, कुणाच्या हाती दिले. आणि त्यापुढे आणखी एक रकाना, जो जुन्या वहीत नव्हता: फाइलचा हॅश. कुठलीही फाइल, मग ती एका पानाची असो की दहा हजार नोंदींची, शा-२५६ नावाच्या गणिती चक्कीतून काढली की चौसष्ट अंक-अक्षरांची एक ओळ निघते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पार बदलते. विंडोजच्या संगणकावर ही ओळ काढायला काही विकत घ्यावे लागत नाही. देताना ती वहीत लिहिली आणि ऑडिटरने मिळालेल्या फाइलची ओळ काढून जुळवून पाहिली, तर वाटेत काही बदलले नाही हे दोघांनाही कळते. पुढे कधी वाद झाला तर ‘आम्ही दिलेली फाइल ही नव्हेच’ असे म्हणायची सोय दोघांनाही उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो, तेव्हा ही सवय कोर्टाच्या पायरीपर्यंत उपयोगी पडते. फाइल देण्यापूर्वीच कुणी ती बिघडवली असेल तर हॅश ते सांगणार नाही. त्यासाठी तिसऱ्याकडून थेट येणारा कागदच हवा. पण दिल्यानंतरचे सगळे प्रश्न ही ओळ मिटवते.

काय द्यायचे याबाबत एक निरीक्षण. ज्या संस्था ऑडिटरला ढिगाने देतात त्यांच्याकडे बहुधा हवा तो एक कागद मिळत नाही. पूर्ण सर्व्हरची प्रत दिली म्हणजे पारदर्शकता झाली असे नव्हे. कधीकधी तो ढीग सुई दडवण्यासाठीच असतो, बऱ्याचदा निव्वळ आळस असतो. ऑडिटर नमुना काढून तपासतो. त्याला पाच हजार कर्जदारांच्या यादीतून साठ फायली निवडायच्या असतील तर यादीत खाते क्रमांक, रक्कम, तारीख, थकीत दिवस पुरतात. निवडलेल्या साठांची केवायसी त्याने संस्थेत बसून पाहावी. उरलेल्या चार हजार नऊशे चाळीस लोकांच्या आधारच्या प्रती बाहेर जाण्याचे कारण काय? आणि जायच्याच असतील तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारा आधार चालतो का ते विचारावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटा राखण्यात वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पतसंस्थेला कुणी एवढा दंड करणार नाही हे उघड आहे, पण सभासदाची माहिती ही संस्थेची मालमत्ता नसून ठेव आहे, असा त्या कायद्याचा रोख आहे, आणि ठेव म्हणजे काय हे पतसंस्थेला वेगळे शिकवायला नको.

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे दुखणे निराळे आहे. तिमाही निकाल जाहीर होण्याआधी ते ऑडिटरने पाहिलेले असतात, म्हणजे त्या दिवसांत त्याच्या लॅपटॉपवर पैसा असतो. २०१७ मध्ये डझनभर कंपन्यांचे आकडे जाहीर होण्यापूर्वीच व्हॉट्सअॅप ग्रुपांत फिरल्याची बातमी आली, सेबीने छापे घालून फोन आणि संगणक ताब्यात घेतले, आणि दंड झालेल्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२२ मध्ये तिथे दंड टिकला नाही. संदेश मूळ कुठून निघाला हे सिद्ध करणे किती अवघड, याचा तो धडा होता. आता अशा कंपनीला अप्रसिद्ध माहिती कुणाकुणाला दिली त्याची, मागाहून बदलता न येणारी नोंद ठेवावी लागते. ती आवक-जावकच आहे, फक्त सेबीच्या भाषेतली.

काम संपल्यावर काय, हा प्रश्न दोन्ही बाजू टाळतात. कंपनीचा वकील करारात लिहितो की सर्व कागद परत करावेत, प्रती नष्ट कराव्यात. ऑडिटर ते मान्य करू शकत नाही. त्याची तपासणीची टिपणे आणि ज्या पुराव्यावर त्याने मत दिले तो पुरावा अहवालाच्या तारखेपासून किमान सात वर्षे ठेवणे त्याला भाग आहे, आणि ती टिपणे त्याच्या मालकीची असतात. उद्या त्याच्या कामाची समीक्षा झाली किंवा राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने विचारले तर दाखवायची असतात. पण ‘पुरावा’ वेगळा आणि कामाच्या ओघात जमलेला पसारा वेगळा. आर्टिकलच्या लॅपटॉपवरचे टॅलीचे तीन बॅकअप, मेलमधल्या पाच आवृत्त्या, फोनमधले फोटो, पेन ड्राइव्ह, हा सगळा पसारा आहे आणि तो अहवालावर सही झाल्यावर महिन्याभरात पुसला जावा. पुसल्याचे एका ओळीचे पत्र संस्थेने मागून वहीत लावावे. सात वर्षे राहणारा भाग कुठे, कुणाच्या ताब्यात, कुलपात की उघडा, हेही नेमणुकीच्या पत्रातच विचारता येते. चोरी किंवा गळती झाली तर किती तासांत कळवणार, हेही तिथेच. केंद्राच्या सर्ट-इन संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने अशा घटना कळवायला सहा तासांची मुदत दिली आहे. ऑडिटरने तुम्हाला पुढच्या सोमवारी सांगून चालणार नाही.

पसाऱ्यात एक वस्तू अशी आहे जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ऑडिटरांच्या अनेक ऑफिसांच्या खणात एक डबा असतो आणि त्यात अशिलांच्या डिजिटल सहीच्या यूएसबी. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी, बऱ्याचदा चिठ्ठीवरच पिन. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या रात्री साहेब फोन उचलत नाहीत म्हणून ही सोय झालेली आहे. ज्याने तुमचे हिशेब तपासायचे त्याच्या खणात तुमची सही असणे हा गोपनीयतेचा प्रश्न नंतर, आधी तो स्वतंत्र मताचा प्रश्न आहे. त्या सहीने काय काय करता येते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. डबा आज परत आणावा.

उलट्या दिशेचेही एक काम संस्थेने करायला हवे. ऑडिटरकडून आलेला अहवाल खराच त्याचा आहे का? २०१९ पासून टप्प्याटप्प्याने सीएने दिलेल्या प्रमाणपत्रांवर आणि अहवालांवर यूडीआयएन हा अठरा अंक-अक्षरांचा क्रमांक घालणे सक्तीचे झाले आणि तो सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर कुणालाही ताडून पाहता येतो. फार थोडे लोक पाहतात. तसेच, सप्टेंबरच्या घाईत ‘ऑडिटरच्या ऑफिसातून’ आलेला, एका अक्षराचा फरक असलेल्या पत्त्याचा मेल बँक स्टेटमेंट मागतो तेव्हा आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

हे सगळे मोठ्या कंपन्यांना परवडते, आम्ही काय करायचे, असे गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार विचारतील. हे पुस्तक वाचायचे खरे तर त्यांनीच आहे. मोठ्या कंपनीकडे यासाठी विभाग असतो आणि चुकले तर वकीलही असतो. वर सांगितलेल्यांपैकी जवळजवळ काहीही विकत घ्यावे लागत नाही. वही, फोन, फुकटचे सॉफ्टवेअर आणि मार्चमध्येच पाठवलेले एक पत्र, एवढ्यात बहुतेक भागते. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी मागणी-यादी आणि नेमणूक-पत्र यांवरची प्रकरणे आधी वाचावीत, क्लाउडवरचे नंतर. आणि त्याआधी एक तपासणी घरातल्या घरात करावी. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार ज्या जीमेल खात्यातून चालतो ते कुणाच्या नावावर उघडलेले आहे? पाच वर्षांनी समिती बदलते, माजी सचिव मुलाकडे पुण्याला किंवा न्यू जर्सीला राहायला जातात, ओटीपी अजून त्यांच्याच फोनवर येतो, आणि दहा वर्षांचे ताळेबंद, सभासदांचे धनादेश आणि ऑडिटरला पाठवलेली प्रत्येक फाइल त्या खात्यात असते. नव्या समितीने पदभार घेताना शिक्के, चेकबुक आणि कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतलेल्या असतात. त्या यादीत हे खाते लिहून घ्या.